झाडूला हार घालणारा प्राध्यापक



दिवाळीच्या सुट्टीआधी निघणाऱ्या या अंकात आम्ही दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देतो. यंदा निवडलेली व्यक्ती मराठी नाही, भारतीयही नाही. पण तिने आपल्या इंदूर शहरात एक दिवाळी साजरी केली होती आणि त्या दिवाळीची आठवण शंभर वर्षांनंतरही जगभरच्या नगररचनेच्या पुस्तकांत निघते. त्यांचे नाव सर पॅट्रिक गेडिस.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शाळेत असताना किंवा महाविद्यालयात असताना हे नाव आमच्या कानांवर कधी आले नाही. इंदूर २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले, तेव्हा एका स्नेह्याने सहज विचारले की बरोबर शंभर वर्षांपूर्वी याच शहरात काय घडले होते ते ठाऊक आहे का? आम्हाला ठाऊक नव्हते. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. त्यातले जे तुम्हा सर्वांच्या कामाचे आहे ते येथे देत आहोत.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. म्हणजे आपण ज्या दिवशी गांधी जयंती साजरी करतो, तोच दिवस. वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ या शहराजवळ राहायला गेले. तेथे घराभोवती बाग होती आणि वडिलांबरोबर त्या बागेत काम करणे हीच या मुलाची पहिली शाळा. बटाटे लावणे, रोपांना पाणी घालणे, जवळच्या टेकडीवर चढून खालचे गाव आणि नदी एका नजरेत पाहणे, या गोष्टी त्याने पुस्तकाच्या आधी शिकल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी जे सांगितले आणि केले, त्याचे मूळ या बागेत आणि या टेकडीवर आहे.

वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिनबरा विद्यापीठात गेले आणि जेमतेम एका आठवड्यात तेथून बाहेर पडले. वाळवलेली पाने आणि लॅटिन नावे यांत त्यांचे मन रमले नाही. मग लंडनला जाऊन ते प्रसिद्ध शास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली शिकले. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. गुणपत्रिकेची काळजी करणाऱ्या पालकांना हे वाचून थोडे दचकायला होईल, पण पदवी नसलेला हा माणूस पुढे दोन देशांत प्राध्यापक झाला.

१८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता डोळ्यांचा गंभीर आजार झाला. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करणे पुढे जमेना. जीवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा मोठाच आघात. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणारे गेडिस आता घर, गल्ली आणि शहर पाहू लागले. झाड जसे माती, पाणी आणि ऊन यांच्याशी बांधलेले असते, तसा माणूस आपल्या जागेशी आणि कामाशी बांधलेला असतो, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. शहर हा एक जिवंत प्राणी आहे, त्याला आजार होतो तसा तो बराही होऊ शकतो, असे ते मानू लागले.

हा विचार त्यांनी पहिल्यांदा स्वतःवरच लागू केला. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या काळी एडिनबराच्या जुन्या भागात अतिशय गर्दीची, अंधारी, घाणेरडी चाळवजा घरे होती. सुखवस्तू लोक केव्हाच नव्या वस्तीत निघून गेले होते. विद्यापीठ त्या वस्तीपासून काही पावलांवर होते, पण तेथल्या प्राध्यापकांना तिच्याशी काही देणेघेणे नव्हते. गेडिस दांपत्य चांगले घर सोडून त्या जुन्या वस्तीतल्या जेम्स कोर्ट नावाच्या इमारतीत राहायला गेले. त्यांनी शेजाऱ्यांना उपदेश केला नाही. आधी आपल्या खोल्या झाडल्या, भिंतींना चुना लावला, खिडकीत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. हळूहळू शेजारी हातभार लावू लागले.

१८८७ साली त्यांनी त्याच भागात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्यात अधीक्षक नव्हता. विद्यार्थीच आपला कारभार पाहत. त्यामागे दुहेरी हेतू होता. विद्यार्थ्यांना राहायला जागा मिळावी आणि ओस पडत चाललेल्या वस्तीत शिकली-सवरलेली माणसे राहायला यावीत. विद्यार्थी आणि कामकरी कुटुंबे एकाच गल्लीत राहू लागली. विद्यापीठ आणि वस्ती यांच्यातली अदृश्य भिंत त्यांनी अशी पाडली.

१८८८ पासून ते डंडी येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांना वर्षातले एकच सत्र शिकवायचे होते. उरलेला काळ एडिनबरासाठी होता. १८९२ साली त्यांनी किल्ल्याजवळची एक जुनी उंच इमारत घेतली आणि तिचे नाव आउटलुक टॉवर ठेवले. अगदी वर एक अंधारी खोली होती. तिच्यात आरसा आणि भिंग यांच्या साहाय्याने बाहेरच्या शहराचे हलते चित्र मेजावर उमटत असे. प्रेक्षकाने आधी वर चढून आपले शहर पाहायचे आणि मग एकेक मजला उतरत आपला देश, युरोप आणि शेवटी सारे जग समजून घ्यायचे, अशी योजना. भूगोल शिकवणाऱ्या आमच्या शिक्षकांनी हा क्रम लक्षात ठेवावा. आपण पुष्कळदा उलटे करतो. मुलांना ॲमेझॉन नदी माहीत असते, पण कान्ह नदी शाळेपासून कोणत्या दिशेला आहे ते सांगता येत नाही.

या टॉवरमध्ये जमणाऱ्या मंडळींनी पुढे जुन्या एडिनबराचे सर्वेक्षण केले. पडक्या घरांच्या, कचरा टाकण्याच्या अशा सुमारे ७५ मोकळ्या जागा निघाल्या. एकूण क्षेत्र सुमारे १० एकर. त्यांपैकी काही जागा साफ करून त्यांच्या बागा करण्यात आल्या. हे काम गेडिस यांची मुलगी नोरा हिने पुढे राहून केले. १९१० च्या सुमारास झालेल्या या बागांत गल्लीतली मुले खेळत आणि वाफ्यांत काम करत. त्यांतली एखादी बाग आजही तेथे आहे.

आता भारताकडे वळू. शहरांविषयीचे नकाशे, चित्रे आणि प्रतिकृती यांचे एक मोठे प्रदर्शन गेडिस यांनी तयार केले होते. ते घेऊन १९१४ साली ते हिंदुस्थानात यायला निघाले. त्याच वेळी पहिले महायुद्ध पेटले. प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजात होते ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. अनेक वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. गेडिस यांचे वय तेव्हा साठ. ते परत फिरले नाहीत. मित्रांनी घाईने नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

त्यानंतर काही वर्षे ते देशभर हिंडले. ठाणे, बडोदे, लखनौ, लाहोर, कपूरथळा अशा अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. त्या काळच्या अभियंत्यांची पद्धत अशी की जुनी वस्ती दिसली की नकाशावर सरळ रेघ मारायची आणि वाटेत येणारी घरे पाडून रुंद रस्ता काढायचा. गेडिस यांना हे मान्य नव्हते. घरे पाडली तर गरीब माणूस दुसऱ्या गल्लीत जाऊन आणखी गर्दी करतो, हे ते दाखवून देत. चांगला शल्यविशारद जसा रोगी भागच तेवढा कापतो आणि बाकी शरीर वाचवतो, तसे शहराचे करावे, असे त्यांचे म्हणणे होते. एखादे पडके घर काढावे, तेथे चौक करावा, झाड लावावे, विहीर आणि तलाव बुजवण्याऐवजी साफ करावेत. त्यासाठी ते नकाशा हातात घेऊन दिवसचे दिवस गल्लीबोळांतून पायी फिरत.

१९१७ हे वर्ष त्यांच्यावर फार कठीण आले. एप्रिलमध्ये मोठा मुलगा ॲलस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्याच वेळी ॲनाबाई भारतात आजारी होत्या. त्यांना ही बातमी सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती लपवली आणि मुलाची जुनी पत्रे ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये कलकत्त्यात ॲनाबाईंचाही अंत झाला. मुलगा आणि पत्नी दोन महिन्यांच्या आत गेली. अशा अवस्थेत हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस होळकर दरबाराच्या कामासाठी इंदुरात आला होता.

इंदुरात तेव्हा प्लेगची भीती होती. गेडिस गल्ल्यांमधून फिरू लागले तेव्हा लोक त्यांच्याकडे संशयाने आणि भीतीने पाहत. साहेब आले की घरे रिकामी करवतात, सामान बाहेर फेकतात, प्लेगही त्यांच्याच मागून येतो, अशी लोकांची समजूत होती. औषधोपचाराच्या सक्तीचा लोकांना आलेला अनुभव पाहता त्यांना दोष देता येणार नाही. गेडिस यांच्या लक्षात आले की हुकूम काढून हे शहर साफ होणार नाही. लोकांचा सण हाच मार्ग.

त्यांनी महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्याकडे एक दिवसाचे महाराजपद मागितले आणि ते त्यांना मिळाले. पुढची हकिकत त्यांनीच नंतर सांगून ठेवली आहे. दिवाळीत एक नवी मिरवणूक निघेल आणि ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, अशी दवंडी गावभर पिटली. ज्या रस्त्यांवरची जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील, त्या रस्त्यांवरून ती जाणार होती. मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी असे कोणाला वाटणार नाही? घराघरांत सफाई सुरू झाली. दरबाराने कचरा फुकट उचलण्याची सोय केली. सुमारे ६,००० गाड्या कचरा घरांतून आणि अंगणांतून बाहेर निघाला. हजारो उंदीर पकडले गेले.

आपल्या शहरात अनंत चतुर्दशीच्या झांक्या आणि रंगपंचमीची गेर पाहणाऱ्या मुलांना ही मिरवणूक डोळ्यांपुढे आणणे कठीण जाऊ नये. हत्ती, उंट, घोडे होते. शेतीचे आणि कापसाचे देखावे होते. त्यामागे घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. पडक्या, कोंदट घरांचे देखावे. लक्ष्मीची स्वारी. इंदूर नगरीलाही देवीचे रूप दिलेले. नव्या घरांच्या, वाचनालयाच्या, संग्रहालयाच्या, नाट्यगृहाच्या प्रतिकृती. शेवटी फुलांच्या आणि रोपांच्या गाड्या, आणि वाटेतल्या लोकांना वाटलेली तुळशीची रोपे. रात्री घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर मैदानात जाळण्यात आले आणि आतषबाजी झाली.

पण या सगळ्यात आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. या मिरवणुकीत शहरातले सफाई कामगार मानाने चालत होते. त्यांच्या अंगावर नवे शुभ्र कपडे होते. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या आणि बैल सजवलेले होते. प्रत्येकाच्या खांद्यावरच्या झाडूला फुलांचा हार होता. ज्यांची सावली टाळली जात असे, त्यांना पाहायला सारे शहर रस्त्याच्या दुतर्फा उभे होते.

मुलांनो, आपल्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणतात. तिला लक्ष्मी समजून हळदकुंकू वाहतात. चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो. ही किती सुंदर रीत आहे! पण ती केरसुणी वर्षभर ज्यांच्या हातात असते त्यांना आपण काय देतो? स्कॉटलंडहून आलेल्या एका वृद्ध प्राध्यापकाला आपल्याच सणाचा जो अर्थ १९१७ साली दिसला, तो आपल्याला रोज दारात कचरागाडी आली असताना दिसतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

प्लेग त्यानंतर ओसरला. याचे श्रेय काही अंशी ऋतूलाही होते आणि काही अंशी त्या सफाईला. लोकांची नजर मात्र नक्की बदलली. ज्यांनी दारे लावून घेतली होती तेच आता गेडिस दिसले की हसून नमस्कार करू लागले.

१९१८ साली गेडिस यांनी इंदूरविषयीचा आपला अहवाल दोन खंडांत दरबाराला सादर केला. त्यात नद्या आहेत, घाट आहेत, बागा आहेत, मजुरांची घरे आहेत. महागड्या सांडपाणी योजनेवर टीका आहे आणि मैला व कचरा यांचे खत करून बागा फुलवण्याची सूचना आहे. दुसऱ्या खंडात मध्य भारतासाठी इंदूरला एक विद्यापीठ असावे अशी सविस्तर कल्पना आहे. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ त्यांना नको होते. वाचनालय, संग्रहालय, नाट्यगृह यांच्यासह ते शहरातच मिसळलेले असावे आणि विद्यार्थ्यांनी शहराचा अभ्यास करत शहराच्या उपयोगी पडावे, अशी ती कल्पना.

या अहवालातले काही अमलात आले, पुष्कळसे कागदावरच राहिले. इंदूरला विद्यापीठ मिळाले ते १९६४ साली. नद्यांचे काय झाले हे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ उभे राहून आपण सर्वांनी अनेक वर्षे नाकाला रुमाल लावून पाहिले आहे. एका दिवसाच्या मिरवणुकीने जे साधले ते दोन जाड खंडांना साधले नाही. विचार करता कारण दिसते. मिरवणुकीत प्रत्येक घराला करण्यासारखे काहीतरी होते. अहवाल मात्र दरबाराच्या कपाटात होता. तो वाचून आपापल्या गल्लीत काम करणारी माणसे त्याच्या मागे उभी राहिली नाहीत.

खताची कल्पना मात्र याच शहरात दुसऱ्या एका वाटेने फळाला आली. १९२४ साली इंदूरला होळकर दरबाराच्या जमिनीवर वनस्पती संशोधनाची संस्था सुरू झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण आणि मातीपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले. ही पद्धत जगभर इंदूर पद्धत याच नावाने ओळखली जाते. शेतकऱ्याकडून शिकून शेतकऱ्यालाच परत द्यायचे, हा त्या संस्थेचाही शिरस्ता होता.

गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्या व्याख्यानांना बसत. गेडिस यांच्या शिफारशीवरून ते विलायतेला शिकायला गेले आणि पुढे भारतीय समाजशास्त्राचे मोठे आचार्य झाले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी लिहिले. ते १९२० साली प्रसिद्ध झाले. १९२४ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी भारत सोडला आणि फ्रान्समधील माँपेलिए येथे, उजाड टेकडीवर, विद्यार्थ्यांसाठी एक निवासी महाविद्यालय उभारायला घेतले. सत्तरी ओलांडलेला माणूस पुन्हा दगड रचत होता आणि बाग लावत होता. पूर्वी नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. एक काम पुरे होण्याआधी दुसरे हाती घेणे, पैशाचा हिशेब न ठेवणे, आपले म्हणणे फार लांबवणे, यामुळे जवळची माणसेही कधी कधी थकून जात. पण जेथे राहिले तेथे शेजाऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय त्यांनी काम केले नाही.

आता आमची स्वतःची एक कबुली. आपल्या शाळेच्या आवारात कडुलिंब आणि पिंपळाची जुनी झाडे आहेत. कित्येक वर्षे त्यांचा पाचोळा मागच्या भिंतीपाशी जाळला जात असे. भिंतीच्या आत वर्गांमध्ये प्रदूषण टाळा असे तक्ते लावलेले आणि भिंतीपलीकडे धूर. मागच्या हिवाळ्यात गल्लीतल्या दोन आजी आम्हाला भेटायला आल्या. एकीला दम्याचा त्रास होता. त्या रागावल्या नाहीत. शाळा आमचीच आहे म्हणून सांगायला आलो, एवढेच म्हणाल्या. आम्हाला खाली पाहावे लागले. रोज त्या भिंतीशेजारून जात असूनही तो धूर कोणाच्या घरात जातो हे आम्ही कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी जाळणे बंद केले. आठवी-नववीच्या मुलांनी शाळेच्या माळ्याकाकांकडून शिकून तीन खड्डे घेतले. आज त्यांत खत तयार होते आहे आणि गल्लीतली काही घरेही आपला पाचोळा आणि भाजीची देठे आणून देतात. मात्र त्यांना पुढच्या फाटकापर्यंत वळसा घालून यावे लागते, कारण मागचे फाटक कित्येक वर्षांपासून कुलूपबंद आहे.

विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे की रोज सकाळी एक तास ते फाटक उघडण्यास अनुमती द्यावी. सुरक्षेचा प्रश्न आम्ही जाणतो आणि त्या वेळी एक शिक्षक तेथे उभा राहील, ही जबाबदारी घेतो. पालकांना विनंती की खत तयार झाल्यावर पहिली टोपली गल्लीला द्यायची आहे, तेव्हा मुलांबरोबर यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी सुट्टीतला गृहपाठ एकच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुमच्या गल्लीत झाडू मारणाऱ्या काकांचे किंवा मावशींचे नाव विचारा, त्यांना घरचा फराळ नेऊन द्या, आणि ते नाव वहीत लिहून आणा. शाळा उघडली की सर्वांत आधी ती वही आम्ही पाहणार आहोत.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

— प्राचार्य